भुऱ्याची खुशाली

जळगाव,
२४ एप्रिल १९९४

चि. मगन यास,

अनेक आशीर्वाद. दोन वर्षांनी अक्काचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. उलट घरात एक जण आलाय आणि त्याच्यासाठीच तुला लिहिते आहे. तुझी रुक्मा गेली तेव्हा मी धुळ्याला आले होते. त्यानंतर तू एक ओळ लिहिली नाहीस. त्याबद्दल मी पुढे कधीतरी सवडीनं भांडेन.

पितांबरची नाशिकची दोन वर्षं संपली. कंपनीनं त्याला परत जर्मनीला बोलावलं, तेही दहा दिवसांत. सून गेली, जुई गेली, सामान गेलं. मागे राहिला तो जुईचा प्राणी. तिकडून येताना तिनं तो बरोबर आणला होता, पण परत नेण्याचे कागद इतक्या घाईत होईनात. चिंचिला म्हणतात त्याला. उंदराच्या जातीचा, पण सशाएवढा म्हण. कान मोठे, शेपटी खारीसारखी, आणि अंगावर राखाडी लोकर इतकी दाट की बोट घातलं तर कातडी लागत नाही. जुई त्याला फ्लोकी म्हणते. माझ्या तोंडात ते बसेना. मी भुऱ्या म्हणते आणि त्याची काही हरकत दिसत नाही.

जुईनं जाताना वहीच्या पानावर नियम लिहून दिलेत. नऊ वर्षांची पोर, पण हेडमास्तरीण शोभेल. त्याला ऊन नको, गोड नको, आणि पाणी फक्त प्यायला, अंगाला कधीच नाही. आंघोळ मातीत करतो तो. त्यासाठीची खास माती होती, ती संपत आली. मुख्य भीती उन्हाची. हा म्हणे थंड डोंगरातला, जरा गरम झालं की धापा टाकतो. इथे आज त्रेचाळीस आहे आणि मे महिना अजून उजाडायचाय.

तू एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत गिनीपिग आणि ससे सांभाळलेस. तुला नाही विचारायचं तर कोणाला?

आता खरी गोष्ट सांगते. पूर्वी पितांबरचा फोन महिन्या-दीड महिन्यानं यायचा. 'आई, बरी आहेस ना?' एवढ्यात संपायचा. हे लोक गेल्यापासून दर रविवारी फोन येतो, कारण जुईला भुऱ्याची खुशाली हवी असते. मी रिसीव्हर पिंजऱ्याला लावून धरते. तो कुरकुर करतो, ती तिकडे हसते, मग माझ्याशीही पाच मिनिटं बोलते. दिवाळीला येऊन त्याला घेऊन जाणार आहेत. तेव्हा मगन, हा दिवाळीपर्यंत जगला पाहिजे. तो गेला तर माझा रविवारही गेला.

लगेच लिही.

तुझी,
अक्का

*

धुळे,
३० एप्रिल १९९४

ती. लीलाअक्का हिस,

मगनचा साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. मी लिहिलं नाही हे खरं. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. गेल्या जूनमध्ये निवृत्त झालो, तेही कळवायचं राहिलं.

तुझं पत्र घेऊन कॉलेजात गेलो होतो. ग्रंथालयातल्या पुस्तकात चिंचिलाबद्दल अर्धं पान निघालं, बाकी माझ्या अनुभवातून सांगतो.

कूलर त्याच्या अंगावर सोडू नकोस. गारवा येतो पण ओल येते, आणि ओल त्याला उन्हाइतकीच वाईट. घरातली मधली खोली, जिला बाहेरची भिंत नाही, ती त्याला दे. पिंजऱ्यात एक माठ आडवा ठेव. रोज तो आतून पुसून काढ, नाहीतर आत घाण साचेल. खाली शहाबादी फरशीचा तुकडा टाक, रात्रभर मोरीत ठेवून पुसून कोरडा केलेला. बर्फ मिळाला तर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून पिंजऱ्याबाहेर टेकवून ठेव.

मातीसाठी मुलतानी माती आणि नदीची बारीक रेती वस्त्रगाळ करून समसमान घे, तव्यावर भाजून गार कर. आठवड्यातून तीनदा परातीत दहा मिनिटं. खायला वाळलेला लसूणघास, कोवळा नको. दात वाढत राहतात, म्हणून तुतीची काडी कुरतडायला दे. केळं अजिबात नको. आपल्या गावाहून, असोद्याहून, कोणी आलं की पहिल्यांदा केळंच पुढे करेल, म्हणून मुद्दाम सांगतो.

लेंड्या कोरड्या आणि टणक असल्या तर समज सगळं ठीक आहे. दर पत्रात लेंड्यांचं लिहीत जा.

तुझा,
मगन

*

जळगाव,
२९ मे १९९४

चि. मगन यास,

आशीर्वाद. लेंड्या कोरड्या आणि टणक आहेत. सासऱ्यांनी कौतुकानं शाळेत चिकटवलेली मी, तीस वर्षं मास्तरकी केली, आणि आता भावाला हे लिहिते आहे.

परवा सेहेचाळीस होतं. दुपारी दोन तास वीज नव्हती. मी आणि भुऱ्या मधल्या खोलीत फरशीवर पडून होतो, तो माठात आणि मी माठाला टेकून. त्याच्या कानांच्या शिरा लाल दिसायला लागल्या की मी बर्फाचा डबा सरकवते. बर्फवाल्याला वाटतं, माझ्याकडे लग्न आहे. कोणाचं म्हणून विचारत होता. भुऱ्याचं म्हटलं.

तुझी माती त्याला आवडली. परातीत पडतो आणि असा गरागरा फिरतो की धूळ उडून देव पांढरे होतात. मग अंग झटकून माझ्याकडे बघतो. मी हसले, मगन. मोठ्यानं हसले, आणि घरात तो आवाज मलाच ओळखू येईना.

तुझं म्हणणं खरं झालं. असोद्याहून प्रमिलाबाई आली आणि पिशवीतून केळ्यांची फणी काढून पिंजऱ्याकडेच गेली. मी आडवी झाले तर रागावून म्हणाली, "खाऊ दे ना गं, येव्हढुसा जीव." ती गेल्यावर फणी मीच तीन दिवस खाल्ली.

आज रविवार. जुईचा फोन येऊन गेला. पत्र लिहीत जा, नुसतं जनावराबद्दल असलं तरी चालेल.

तुझी,
अक्का

*

जळगाव,
१७ जुलै १९९४

चि. मगन यास,

आशीर्वाद. उन्हाळा काढला आपण. आता दुसरीच अडचण. माझ्या उजव्या डोळ्यातला मोतिबिंदू पिकलाय. डॉक्टरांनी दोन ऑगस्टला ऑपरेशन ठरवलंय. पुढे दोन महिने वाकायचं नाही आणि धुळीत अजिबात जायचं नाही. मी भुऱ्याच्या मातीबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, एक तर डोळा ठेवा नाहीतर उंदीर ठेवा.

तू येऊन त्याला घेऊन जा. दुसऱ्या कोणाच्या हाती देण्याची माझी हिंमत नाही. जुईला फोनवर सांगितलं. ती थोडी रडली. मग विचारलं, मगनआजोबांना नियम माहीत आहेत का? मी म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त. दर रविवारी तुझं पत्र तिला वाचून दाखवायचं कबूल केलंय, तेव्हा आता तुला आळस करता येणार नाही.

तुझी,
अक्का

*

धुळे,
३१ जुलै १९९४

ती. अक्का हिस,

साष्टांग नमस्कार. आम्ही सुखरूप पोहोचलो. एस.टी.त कंडक्टरनं अर्धं तिकीट मागितलं. पारोळ्यापर्यंत अर्धी गाडी येऊन पाहून गेली. एका म्हातारबाबांनी हात जोडले. कशाला ते कळलं नाही.

पिंजरा रुक्माच्या शिवणयंत्राच्या जागी ठेवला. तिथे दुपारी सावली असते. शेजारच्या शेवंताबाई पाहायला आल्या. "भाऊ, हाऊ उंदीर शे का ससा?" म्हणाल्या. मी अर्धा तास समजावलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हंजे उंदीरच शे."

तो दिवसभर झोपतो आणि दिवेलागणीला उठतो. मी पूर्वी दिवेलागणीला बाहेर जाऊन बसत असे, कारण ती वेळ घरात जात नसे. आता बाहेर जात नाही. त्याची रेती चाळतो, घास बदलतो, तोवर तो पायजम्याची नाडी ओढतो. मग माझी भाकरी. काल लक्षात आलं की मी त्याला दिवसभराचं सगळं सांगत होतो. सांगण्यासारखं काही नव्हतं तरी बराच वेळ लागला.

डोळ्याची काळजी घे. मी ऑपरेशनला आलो असतो, पण मग याच्याजवळ कोण?

तुझा,
मगन

*

जळगाव,
२८ ऑगस्ट १९९४

चि. मगन यास,

आशीर्वाद. अक्षर शेजारच्या कुंदाबाईंचं आहे, शब्द माझे. काळा चष्मा लावून बसवून ठेवलंय मला. टाके दुखतात पण दिसायला लागलंय.

तुझी तिन्ही पत्रं कुंदाबाईंनी वाचून दाखवली. मी ऐकून ठेवते आणि रविवारी जुईला फोनवर सांगते. भुऱ्यानं तुझ्या चष्म्याची काडी कुरतडली ते ऐकून ती इतकी हसली की पितांबरनं फोन काढून घेतला. मगन, तू इतकं छान लिहितोस हे मला साठ वर्षं माहीत नव्हतं.

पोळा आठवड्यावर आलाय. तू मातीच्या बैलांची पूजा करतोस ना अजून? पुरण कोणाकडून तरी घे, पण भुऱ्याला पोळीचा तुकडाही देऊ नकोस. नियम लक्षात आहे ना, गोड नको.

तुझी,
अक्का

(कुंदाबाईंचाही नमस्कार. बाई चष्मा काढून डोळा चोळतात, त्यांना लिहून रागवा.)

*

धुळे,
८ सप्टेंबर १९९४

[हे पत्र पेटीत टाकलं नाही.]

अक्का,

भुऱ्या आज सकाळी गेला. मी घालवला.

पोळ्याच्या दिवशी सकाळी कुंभाराकडचे बैल आणले, पाटावर मांडले. दरवर्षी मांडतो. रुक्मा होती तेव्हा ती नैवेद्य करायची, आता शेवंताबाई दोन पोळ्या पाठवतात. हळदकुंकू वाहिलं आणि मागे वळलो तर हा पिंजऱ्यातून पाहत होता. असोद्याहून निघालो त्याला चौतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत पोळ्याला घरात जिवंत जनावर पहिल्यांदाच.

आपले आबा आठव. बैलांना नदीवर नेऊन धुतल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नसत. पोळ्याला दावणीचं जनावर बिनआंघोळीचं ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. मला जुईचा नियम माहीत होता, अक्का. विसरलो नव्हतो. पण मनात आलं की एकतीस वर्षं गिनीपिग धुतले, एकही मेला नाही. कोमट पाण्यानं, नुसतं अंगावरून, एकदाच. सणाला त्याला मातीत लोळवायचं हे मला कमीपणाचं वाटलं. त्याचा मान ठेवायला गेलो.

पाणी लोकरीत शिरलं ते निघेना. तीन टॉवेल भिजले. वरून झड लागलेली, दोन दिवस उन्हाची तिरीप नाही. शेगडी लावून बसलो, पण फार जवळ नेता येईना. वरून सुकल्यासारखा दिसायचा आणि बोट घातलं की आत ओला. काल खाणं सोडलं. लेंड्या थांबल्या. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी असला प्राणी पाहिलेला नव्हता. आज पहाटे अंग आखडलेलं होतं. मागच्या अंगणात पुरला.

पोळीचा तुकडा मात्र दिला नाही. तुझं ऐकलं तेवढं.

आता रविवारी तू जुईला काय सांगशील?

मगन

*

धुळे,
१२ सप्टेंबर १९९४

ती. अक्का हिस,

साष्टांग नमस्कार. पत्राला उशीर झाला. झड होती, पेटीपर्यंत जाणं झालं नाही.

इकडे सर्व ठीक. भुऱ्या बरा आहे. पावसामुळे जरा जास्त झोपतो. परवा त्यानं शेवंताबाईंच्या मांजरीला असं डोळे वटारून पाहिलं की मांजर उंबऱ्यातूनच परत गेली. जुईला हे सांग.

डोळा चोळू नकोस.

तुझा,
मगन

*

जळगाव,
२५ सप्टेंबर १९९४

चि. मगन यास,

आशीर्वाद. आता मीच लिहिते आहे, अक्षर मोठं आलं तर हसू नकोस.

सुरतेच्या प्लेगचं वाचून माझा जीव थाऱ्यावर नाही. सुरतेची एस.टी. तुमच्या धुळ्यावरूनच येते. इथेच लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडताहेत, गोळ्या दुकानात मिळत नाहीत, आणि ज्याच्या हाती काठी आहे तो उंदीर शोधतोय. तिकडे काय असेल? शेवंताबाईंनी आधीच त्याला उंदीर ठरवलंय. कोणी दारावर आलं तर ससा म्हणून सांग. पिंजऱ्यावर पडदा टाक. आणि तू स्वतः गर्दीत जाऊ नकोस, नाकाला रुमाल बांध.

मांजरीची गंमत वाचली. फार करमणूक झाली. अशीच पत्रं लिहीत राहा, दर आठवड्याला. दुसरं काही मागणं नाही माझं.

तुझी,
अक्का

*

धुळे,
१ ऑक्टोबर १९९४

ती. अक्का हिस,

साष्टांग नमस्कार. काळजी करू नकोस. मला ताप नाही, खोकला नाही.

तू म्हणालीस तसंच झालं. मंगळवारी शेवंताबाई आणि गल्लीतले चार जण आले. शेवंताबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, पदर तोंडाला. म्हणाल्या, "भाऊ, तेले बाहेर काढा. आमना घरमा ल्हाना पोरे शेतस." वाईट बाई नाही ती. घाबरली होती. मी सांगितलं, त्याला केव्हाच जळगावला पाठवला. आत येऊन पाहा म्हटलं. कोणी आलं नाही.

भुऱ्या आतल्या खोलीत आहे. आवाज करत नाही. त्याला कळतं जणू. कागदाचा बोळा दिला तर पुढच्या दोन पायांत धरून माणसासारखा वाचल्याचा आव आणतो. प्लेगच्या बातम्या वाचत असेल.

डोळ्याचं कळव.

तुझा,
मगन

*

जळगाव,
२० ऑक्टोबर १९९४

चि. मगन यास,

आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं पोहोचली. तो रुमालाच्या घडीत झोपला ती गोष्ट मी तीनदा वाचली.

पितांबरच्या येण्याचं अजून नक्की नाही, तिकिटांची अडचण दिसते. पण त्यांच्यासाठी आपण का अडून बसायचं? डॉक्टरांनी धुळीची बंदी उठवली आहे. प्लेगही निवळला. तू भाऊबीजेला ये. किती वर्षांत ओवाळलं नाही तुला. शेवयांची खीर करीन, दोन दिवस राहा. आणि भुऱ्याला घेऊन ये. मला त्याला डोळे भरून बघायचंय, या नव्या डोळ्यानं.

भाऊबीज पाच नोव्हेंबरला आहे. वाट बघते.

तुझी,
अक्का

*

धुळे,
२९ ऑक्टोबर १९९४

ती. अक्का हिस,

साष्टांग नमस्कार.

सोबत आठ सप्टेंबरचं पत्र जोडलंय. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? त्यानंतरची माझी सगळी पत्रं खोटी होती. मांजर, कागदाचा बोळा, रुमालाची घडी, सगळं मी बसून रचलं. त्या दिवशी पत्र घेऊन पेटीपर्यंत गेलो होतो. तिथे उभा असताना तुझा रविवार डोळ्यांपुढे आला. म्हटलं, हा आठवडा जाऊ दे. मग दुसरा आला. आणि एक सांगायला हवं. ती पत्रं लिहिताना मला बरं वाटायचं. लिहीपर्यंत तो असायचा. अजूनही दिवेलागणीला घास बदलतो. जुना वाळलेला काढतो, नवा घालतो. असं करणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील ते मला कळतं.

प्लेगच्या वेळी सुटायची वाट आयती समोर आली होती. गल्लीनं मारला असं लिहिलं असतं तर तुला पटलं असतं, जुईलाही पटलं असतं. पत्र अर्धं लिहूनही झालं होतं. पण मग तू शेवंताबाईंना जन्मभर शिव्या दिल्या असत्यास, आणि तिनं पोळ्याला दोन पोळ्या पाठवल्या होत्या. ते पत्र फाडलं.

मी भाऊबीजेला येत नाही. रिकामा पिंजरा घेऊन तुझ्या पाटावर बसणं मला जमणार नाही. जुईला माझं नाव घेऊन सांग. पोर रागावली तर रागावू दे, पण तुझ्यावर नको, माझ्यावर. तिचा फोन बंद झाला तर तो माझ्यामुळे झाला, हे मला ठाऊक आहे. यावर क्षमा मागायलाही तोंड नाही.

मगन

*

जळगाव,
५ नोव्हेंबर १९९४, भाऊबीज

चि. मगन यास,

तुझं पत्र दोन तारखेलाच आलं. वाचलं आणि इतका राग आला की उत्तर लिहिलं नाही. पाण्यानं धुतलास त्याला? पोरीनं एवढं लिहून दिलेलं असताना? सेहेचाळीस अंशांत मी त्याला बर्फ घालून जगवला तो काय तुझ्या पोळ्यासाठी? दोन दिवस मी तुला मनातल्या मनात बोलत होते. ते सगळं इथे लिहीत नाही, कारण मला कागद पुरणार नाही.

भुऱ्यासाठी रडलेही. कुंदाबाई म्हणाल्या, टाके आहेत बाई, रडू नका. त्यांना काय सांगू?

पण तू येशील असं मला वाटलं होतं. येत नाही म्हणून लिहिलंस तरी सकाळपासून खीर करून ठेवली. दुपारी पाट मांडला. दोनची, चारची, साडेपाचची, धुळ्याच्या तीन गाड्या गेल्या. मग संध्याकाळी गच्चीवर गेले. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात, हे आपण लहानपणी पाहिलंय. आईच्या शेजारची ती भिकुबाई ओवाळायची आणि आपण तिची कीव करायचो. आज मी ओवाळलं. नव्वद किलोमीटरवर भाऊ असताना.

आता माझं ऐक. तूच खोटं लिहिलंस असं नाही.

अठरा सप्टेंबरला जुईचा शेवटचा फोन आला. पितांबरनं तिला कुत्र्याचं पिल्लू आणून दिलंय. पांढरं आहे म्हणे. ती म्हणाली, आजी, फ्लोकी तुझ्याकडेच राहू दे, मला आता वेळ नसतो. चांगलीच पोर आहे, तिनं काही वाईट केलं नाही. पितांबर म्हणाला, दिवाळीला जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. त्यानंतर रविवारी फोन आला नाही. तिकिटांची अडचण मी रचली. सहा आठवडे मी तुला भुऱ्याबद्दल विचारत होते ते जुईसाठी नव्हतं.

तुला खरं का सांगितलं नाही? रुक्मा गेल्यावर तू दोन वर्षं गप्प झालास. भुऱ्या आला आणि तू बोलायला लागलास. मला भीती वाटली की जुईला आता तो नको असं कळलं की तू पिंजरा आणून माझ्या ओट्यावर ठेवशील आणि पुन्हा दोन वर्षं पत्र नाही. म्हणून म्हटलं, राहू दे त्याच्याजवळ. त्याला सोबत होईल. आणि मला पत्र होईल.

रविवारी सकाळी फोनजवळची खुर्ची मी अजून ओढून बसते. सवय. मग तुझं पत्र काढून मोठ्यानं वाचायचे. आधी जुईला ऐकवायचे तसंच, थांबत थांबत, हसण्याच्या जागी जरा थांबून. ऐकायला कोणी नव्हतं. ती मांजर आणि तो रुमाल, ते सगळं मी माझं मलाच वाचून दाखवत होते, मगन. आणि तिकडे तू रिकाम्या पिंजऱ्यातला घास बदलत होतास.

मी तुला माफ केलं असं आज लिहिणार नाही. अजून केलेलं नाही, होईल. पण जुईला यातलं काही कळवू नकोस. तिनं विचारलं तर मी बघून घेईन. ती विचारेलसं वाटत नाही.

एवढंच सांगते. दोन महिने तू मेलेल्याची खुशाली कळवत राहिलास. त्यात तुझी एक ओळ नव्हती. त्या प्रत्येक दिवशी तू काय केलंस ते आता लिही. सकाळी चहा केलास की नाही केलास. जेवलास का. अंगणात त्याला पुरलंस तेव्हा हाताशी कोणी होतं का. दिवसभरात कोणाशी बोललास, आणि कोणाशीच बोलला नसलास तर तसं लिही. लिहिण्यासारखं काही घडत नाही हे मला पुन्हा सांगू नकोस. काही न घडलेलंही मला वाचायचंय.

या रविवारचं हुकलं. पुढच्या रविवारी पत्र हातात असलं पाहिजे.

तुझी,
अक्का